चौसष्टावा नळ

मंगळवार, ८ एप्रिल २०२५

सरू आज थेट ओटीवर येऊन उभी राहिली. कमरेवर रिकामा हंडा. तो खालीही ठेवला नाही.

"काका, शिमग्यापासून मना मेसेज येत नाय. सगल्यांना येतो, मनाच नाय. तुमच्या मशीनला माझ्याशी काय वैर हाय ते विचारून सांगा."

बस म्हटलं, बसली नाही. पुतळीने चहा टाकते म्हटलं, तर "चहाला पानी लागतं गो काकू" असं म्हणून गेली.

पुतळी माझ्याकडे बघत राहिली. चाळीस वर्षांच्या संसारात ही माझ्याशी कधी ओरडून बोलली नाही, नुसती बघते. ते जास्त लागतं.

सरूचं घर खाडीच्या बांधावर, आमच्या नळयोजनेतलं अगदी टोकाचं. चौसष्टावं. पाणी दिवसाआड सुटतं, वेळेचा नेम नाही. टोकापर्यंत पोचेस्तोवर तिच्या वाट्याला वीस-पंचवीस मिनिटं उरतात. आणि ती दिवसभर मिठागरावर. मेसेज आला तर धावत येते. नाही आला तर नळ येऊन गेलेला असतो. म्हणजे महिनाभर ही बाई दारोदार पाणी उसनं मागतेय आणि मला पत्ता नाही.

मीच ना तो, गावाला पाण्याची वर्दी देणारं यंत्र केलं म्हणून एसटीत अनोळखी माणसालासुद्धा सांगणारा!


बुधवार, ९ एप्रिल

डोक्यात गुंता झाला की कागदावर मांडायचं, ही कंपनीतली सवय. मांडतो.

पंपघरात माझा जुना मोबाइल कायम चार्जरला लावलेला. त्यात माझी शेल स्क्रिप्ट, म्हणजे मोबाइलने ओळीने पाळायच्या सूचना, पंचवीस ओळींची. गावाचं पाणी सोडणारा जगन वॉल्व्ह फिरवण्याआधी त्या मोबाइलला मिस्ड कॉल देतो. तो दिसला की स्क्रिप्ट जागी होते, ग्रामपंचायतीच्या ऑनलाइन शीटमधून नळवाल्यांची ताजी यादी उतरवून घेते, आणि वरून खाली एकेक ओळ वाचत एकेकाला कळवते — 'पाणी सोडलं आहे.' शेवटी लॉगमध्ये 'संपलं' लिहून झोपते.

आज लॉग पाहिला. त्रेसष्ट जणांपुढे 'गेला'. मग 'संपलं'. सरूचं नावच नाही. चूक दाखवलेली नाही, तक्रार नाही. जेवण वाढणाऱ्याने शेवटच्या पानाकडे बघितलंच नाही आणि हात धुऊन मोकळा झाला, तसं.

पहिल्या वर्षी उलटं झालं होतं. तेव्हा फक्त पहिल्याच नावाला मेसेज जायचा आणि बाकी सगळे कोरडे! मेसेज पाठवणारी कमांड उरलेली यादी स्वतःच गिळून टाकत होती. चार दिवस डोकं धरून बसलो होतो. मग तिच्या तोंडाला `/dev/null`, म्हणजे रिकामी वाटी लावली आणि सुटलो. त्यामुळे आज वाटलं, असंच काहीतरी असणार, सापडेल.

मोबाइलवर उतरलेली यादीची फाइल nano मध्ये, म्हणजे लिहायच्या प्रोग्राममध्ये, उघडली. सरूचा नंबर पुसून पुन्हा लिहिला. अक्षराआड लपून बसलेली एखादी रिकामी जागा असेल तर जाईल म्हणून. सेव्ह केली. त्याच फाइलवरून चाचणीचा मेसेज सोडला.

चौसष्ट! चौसष्टच्या चौसष्ट. सरूला फोन केला, म्हणाली, "आला काका, मीठ भरताना वाजला."

पुतळीला म्हटलं, आता कर चहा.


गुरुवार, १० एप्रिल

पाणी सुटलं. त्रेसष्ट. सरूला नाही.


शुक्रवार, ११ एप्रिल

पुतळी भाजी आणायला गडबच्या नाक्यावर गेली होती, भाजीबरोबर बातमी घेऊन आली. गावात सगळे म्हणतात — जगनच सरूचं नाव गाळतो. मोबाइल त्याच्या ताब्यात, पंपघराची किल्ली त्याच्याकडे. दुसरं कोण करणार?

कारणही लोकांनी शोधून ठेवलंय. शिमग्याला होळीसाठी लाकडं चोरायची आपल्याकडे रीतच. यंदा जगन आणि त्याच्या जोडीदारांनी सरूच्या परसातलं कवाड उचललं. तिला वाटत होतं ते अजून कामाचं आहे, यांना वाटलं जळण आहे. कवाड पेटल्यावर सरू होळीभोवती फिरून फिरून जगनला बोलली. त्याचा आजासुद्धा सोडला नाही. तेव्हा सगळे हसले होते, मीही. आणि बरोबर त्याच आठवड्यापासून हिचे मेसेज बंद.

तारखा जुळतात हे खरं. पण माणूस जुळत नाही. जगनला मी पोरपणापासून पाहतोय. कंपनीने कमी केल्यावर दोन वर्षं घरी बसला होता, मग हे वॉल्व्हचं काम मिळालं. दिवसाआड पाण्यासाठी बाया भांडतात, शिव्या याला देतात. हा ऐकून घेतो आणि म्हणतो, "व्हय आजी, उद्या अर्धा तास जास्ती सोडतो."

संध्याकाळी पंपघरात गेलो. जगन वॉल्व्हच्या गळक्या पॅकिंगला दोरा गुंडाळत होता.

"जगन, तू काही केलंयस का रे मोबाइलला?"

"मी हात पन नाय लावत, काका. चार्जर हलला तर सरल करतो, तेवढंच."

"लोक काय म्हणतात ऐकलंस ना?"

"ऐकला." दोरा दातांनी तोडला. "असू द्या. मना पन कलत नाय, तिला कसा नाय जात ते. तिला तर जायालाच पायजे."

चेहऱ्यावर राग नव्हता. खरोखरच कोड्यात पडल्यासारखा दिसला.


शनिवार, १२ एप्रिल

हनुमान जयंती. देवळात सुंठवडा घेतला आणि वळलो तर पोपटशेठ उभे. हमरस्त्यावर यांचं हार्डवेअरचं दुकान, गावकीचे अध्यक्षही तेच. माणूस वाईट नाही, पण एकदा बोलला की तो शब्द दगडावर कोरल्यासारखा.

"काका, आजपन सरूला मेसेज नाय. आता बस झाला. वीस तारखेला रविवारी बैठक लावली हाय. जगनला काढायचा. दुसरा मानूस मी बघून ठेवलाय."

"शेठ, बिघाड स्क्रिप्टमध्ये असू शकतो."

"तुमची स्क्रिप्ट बाकी त्रेसष्टांना बराबर वलखते, आन एका बाईला इसरते? मशीनला राग-लोभ नसतो काका, तुमीच सांगितलेला."

खरंच मीच सांगितलं होतं. उद्घाटनाच्या दिवशी, माइकवर.

आठ दिवस आहेत. आठ दिवसांत बिघाड सापडला नाही तर जगनचं काम जाणार. आणि नुसतं काम नाही — बाईला पाण्यावाचून ठेवणारा, असं नाव पडलं की ते या गावात पुसलं जात नाही. त्याची मुलगी भूमिका यंदा दहावीला आहे.


रविवार, १३ एप्रिल

दिवसाला शंभर मेसेजची मर्यादा असते सिम कार्डाला, ती तपासली. नाही, आपण चौसष्टवरच थांबतो. सरूच्या फोनची साठवण भरली असेल म्हणून जुने मेसेज पुसले. सरू म्हणते, "पुसा पुसा, सगलेच पुसा, नवीन तर येतच नाय."

एकाहत्तराव्या वर्षी डोळ्यांतून पाणी येईस्तोवर स्क्रीनकडे बघतोय. पाणी येतं ते एवढंच.


सोमवार, १४ एप्रिल

ग्रामपंचायतीला सुट्टी. शीट सांभाळणारी निशिगंधा नव्हती, पण मला शीटमध्ये लिहिण्याची परवानगी आहे. एक युक्ती सुचली. यादीत सरूच्या खाली माझा स्वतःचा नंबर घातला, म्हणजे पाणी सुटताच माझाही फोन वाजेल आणि मेसेज कधी निघतात ते कळेल. घरचा नळ पुतळीच्या नंबरावर आहे, माझा नंबर यादीत कधी नव्हताच.

दुपारी पाणी सुटलं. पुतळीचा फोन वाजला. माझा नाही. कपाळावर हात मारला — आमच्या मागच्या पडवीत रेंज येतेच कुठे!

पण तेवढ्यात पुतळीच्या फोनवर सरू बोलली: "काका, आला! हंडा, कळशी, पिंप, सगला भरला."

काय केलं म्हणून आलं? काहीच नाही केलं. पण आलं ना. देवाशी वाद कशाला.


मंगळवार, १५ एप्रिल

काम झालं म्हणून माझा नंबर यादीतून काढला. उगाच गर्दी नको.

जगनला म्हटलं, झालं रे, सुटला तुझा प्रश्न. तो हसला. दोघं पंपघराच्या पायरीवर बसून कलिंगड खाल्लं. बियांनी पायरी भरली.


बुधवार, १६ एप्रिल

नाही आला. सरूला पुन्हा नाही.

पोपटशेठचा निरोप: "रविवारी चार वाजता. काकांनी पन यावा."


गुरुवार, १७ एप्रिल

रोह्याला जाऊन आलो. पेणहून गाडी पकडली. बसायला जागा मिळाली, पण नीट बसवेना.

रोह्याच्या कंपनीतल्या कंट्रोल रूममध्ये मी सव्वीस वर्षं काढली. युनिक्स तिथेच शिकलो. शिकवलं कोणी नाही. मशीन बसवणाऱ्या इंजिनिअरने एक जाड पुस्तक कपाटावर ठेवलं होतं, धूळ पुसायला म्हणून काढलं ते ठेवलंच नाही. इंग्रजी यथातथा, पण कमांड चालली की कळायचं. धनेश तिथला माझा हाताखालचा, तेव्हा मिशीही फुटली नव्हती. आता शिफ्ट इन्चार्ज आहे. आज दुसऱ्या पाळीला होता, म्हणून सकाळी स्टेशनाजवळच्या चहावाल्याकडे भेटला.

मी सगळं सांगितलं. जगनचं, सरूचं, कवाडाचंसुद्धा. तो म्हणाला, "कवाड सोडा काका, यादी दाखवा."

कालचीच यादी माझ्या मोबाइलवर होती. `cat` करून ती स्क्रीनवर आणली. नावं सरकत सरकत खाली आली आणि सरूच्या नंबरावर थांबली.

"हे काय?" धनेशने बोट ठेवलं. "शेवटच्या आकड्याला डॉलर कसला चिकटलाय?"

"डॉलर म्हणजे पुढची कमांड लिहायची खूण. माहीत नाही का तुला?"

"माहीत हाय. पन तो खालच्या ओळीत यायला पायजे ना. इथं नंबराला खेटून का बसलाय?"

"असतोच तो तसा. दोन वर्षं बघतोय."

म्हटलं आणि मोबाइल जवळ ओढला. दोन वर्षं बघतोय म्हणजे दोन वर्षं बघितलंच नाही.

धनेश हसायला लागला. कप खाली ठेवून हसत होता. "काका, लॉगबुक आठवतंय? पहिल्या महिन्यात तुमी मला सगल्या पालीसमोर झाडलेला."

आठवलं. कंट्रोल रूमच्या लॉगबुकात दर तासाला प्रेशर, तापमान लिहायचं आणि प्रत्येक नोंदीखाली रेघ मारायची. नियम मीच घातलेला. रेघ नसेल तर नोंद अर्धवट, पुढच्या पाळीने ती धरायची नाही. लिहिणारा मध्येच उठून गेला असेल, आकडा बदलायचा असेल, कोण सांगणार? या धनेशने एकदा शेवटची नोंद लिहिली आणि रेघ न मारता बस पकडली. पुढच्या पाळीच्या माणसाने ती नोंद सोडून दिली. धनेश म्हणे, लिहिलं तर आहे! मी म्हटलं होतं, रेघ कुठे आहे?

स्क्रिप्टमधली `read` अगदी तेच करते. ओळ संपल्याची खूण म्हणजे एंटर. ही तिची रेघ. शेवटच्या ओळीखाली एंटर नसेल तर ती ओळ वाचते, नाव हातात घेते, पण वर कळवते, 'अपुरी आहे, यादी संपली.' वरचा फेरा ते ऐकून थांबतो. नाव हातातच राहतं. सरूचं नाव महिनाभर स्क्रिप्टच्या हातात होतं!

ओळी मोजणारी कमांड, `wc -l`, लावून पाहिली. त्रेसष्ट. तीही ओळी मोजत नाही, एंटर मोजते. शीटमधून उतरवलेल्या यादीला तळाला एंटर नसतोच. आणि nano सेव्ह करताना न विचारता एंटर टाकते. म्हणून त्या दिवशी मी नुसती फाइल सेव्ह केली तरी बरं झालं, आणि दुसऱ्या दिवशी ताजी यादी उतरली की पुन्हा तेच. सोमवारी माझा नंबर तळाला होता, म्हणून सरू वाचली आणि बुडालो मी. रेंजला बोल लावला बिचाऱ्या.

धनेशने चहाचे पैसे देऊ दिले नाहीत. "तुमच्या रेघेवर माझी बढती झालीय," म्हणाला.

परतीच्या गाडीत नागोठण्यापर्यंत एकटाच हसत होतो. समोरच्या बाईने पोराला जवळ ओढून घेतलं.


शुक्रवार, १८ एप्रिल

एका ओळीत शेपूट जोडलं:

`while IFS=, read -r naav number || [ -n "$naav" ]; do`

म्हणजे — रेघ नसली तरी हातात नाव असेल तर त्यालाही पाठव.

दहा वाजता पाणी सुटलं. चौसष्ट. सरूने फोन केला नाही, मिठागरावरून धावत घरी जाताना आमच्या दारातून ओरडून गेली, "आलाय काका!" मागून तिची चप्पल निसटली ती हातात घेऊन पळाली.

पुतळी म्हणाली, "आता तरी नीट जेवा." दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.


शनिवार, १९ एप्रिल

बिघाड सापडणं वेगळं आणि गावकीला पटणं वेगळं. एंटर म्हणजे काय हे पोपटशेठना कसं सांगू? म्हणतील, काका जगनला वाचवायला काहीतरी इंग्रजी बोलतात. सांगून उपयोग नाही. दाखवलं पाहिजे.

जुनी स्क्रिप्ट ठेवून दिली आहे. निशिगंधाला बोलावून बिघाड समजावला. ही दिवाळीनंतर लागलेली मुलगी, हुशार आहे. म्हटलं, बैठकीला जे येतील त्यांची एक छोटी वेगळी यादी करायची. ती म्हणाली, "शेवटी कोनाला ठेवायचं?"

मी सांगितलं. ती तोंडाला ओढणी लावून हसली.


रविवार, २० एप्रिल

काय दिवस! क्रमाने लिहितो, नाहीतर मजा सांडेल.

देवळाच्या मंडपात चौदा माणसं. सरू एका खांबाशी, जगन दुसऱ्या खांबाशी, दोघांच्या मध्ये सगळं गाव. पोपटशेठनी सुरुवात केली — "पानी हा धर्म हाय," वगैरे. जगन मान खाली घालून. "बोल रं काय बोलायचा त्ये," शेठ म्हणाले. जगन म्हणाला, "मी नाव गालला नाय. दुसरा काय बोलू?"

मी उठलो. म्हटलं, सगळ्यांनी आपापले फोन आवाज मोठा करून समोर ठेवा. पंपघरातला मोबाइल मी घेऊन आलो आहे. ही जुनी स्क्रिप्ट, शिमग्यापासून चालत होती तीच. निशिगंधाने मघाशी तुमची नावं घेतली, ती ही यादी. जगन तिथे लांब खांबाशी आहे, त्याचा हात लागणार नाही. बघा.

सुरू केली. तीन-तीन सेकंदांनी एकेक फोन वाजायला लागला. कोणाची आरती, कोणाचा कोंबडा. हौसा आजीचा वाजला तेव्हा तिने दचकून तो पदराखाली घेतला. तेरा फोन वाजले. मग शांत.

पोपटशेठचा फोन वाजला नाही.

शेठनी तो उचलला, हलवला, चष्मा वर करून पाहिला. "रेंज गेली वाटतं."

हौसा आजी ऐंशीच्या पुढची, तिला कोणाची भीती नाही. म्हणाली, "पोपट, तुझा जगनशी काय भांडान हाय रं? त्याचा कवाड जाललास काय?"

अख्खा मंडप हसून हसून लोळला. शेठ लाल झाले, मग त्यांनाही हसू आवरेना. मी यादी दाखवली, मोबाइल हातोहात फिरवला. शेवटचं नाव पोपटशेठ. ही स्क्रिप्ट शेवटच्याला सोडते, मग तो सरू असो की अध्यक्ष. चूक जगनची नाही, चूक माझ्या लिहिण्यात होती. मग नवी स्क्रिप्ट चालवली. चौदावा फोन वाजला तेव्हा शेठनी तो सगळ्यांना उचलून दाखवला, जसा काही क्रिकेटचा कप.

शेठ उठून जगनजवळ गेले. "माझा चुकला रं. तोंडातून गेला." एवढंच, पण सगळ्यांसमोर. तो माणूस एवढं बोलला याचं मला अजून नवल वाटतं.

सरू मात्र खांबाशीच. "मेसेजचा झाला. माझ्या कवाडाचा काय?"

जगन पहिल्यांदा नीट हसला. "नवीन बसवून देतो गो. सागाचा नाय परवडायचा."

"चालल. पन शिमग्याला हात लावलास तर बघ."

एक गोष्ट जाणवली. सगळे हसत होते तेव्हा मोबाइल फिरत फिरत जगनच्या हातात गेला. त्याने यादी पाहिली. मग बोटाने वर सरकवून दुसरी, आपली नेहमीची चौसष्टची यादी उघडली, तिच्या तळाशी गेला, थोडा वेळ बघत राहिला. मग माझ्याकडे पाहिलं आणि मोबाइल शेजाऱ्याला दिला. दमला असेल. बारा दिवस सगळ्यांच्या नजरा अंगावर घेऊन फिरणं सोपं नव्हे.

घरी आल्यावर पुतळीने साबुदाण्याची खिचडी केली होती, मला आवडते म्हणून. उपास कोणाचाच नव्हता.


सोमवार, २१ एप्रिल

गाढ झोप. उठलो तर ऊन अंगणात.

दुपारी पुतळी तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "अहो, ती शेवटचीला सोडते म्हणता. मग शिमग्याच्या आधी सरूला कसा यायचा? तेव्हापण ती शेवटचीच होती की."

उठून निशिगंधाला फोन लावला, शिमग्याआधीची यादी बघायची आहे म्हणून.


मंगळवार, २२ एप्रिल

निशिगंधाने आज शीटचा इतिहास उघडून दाखवला. कोणी कधी काय बदललं ते सगळं त्यात राहतं. दहा मार्चपर्यंत यादी चौसष्टची नव्हती, पासष्टची होती. सरूच्या खाली आणखी एक ओळ, जगन आणि त्याचा नंबर. दोन वर्षं तळाला तोच. होळीच्या तीन दिवस आधी ती ओळ पुसलेली. पुसणाऱ्याचं नाव माझं.

आता आठवलं. पाणी सोडणाऱ्यालाच पाणी सोडल्याचा मेसेज कशाला, म्हणून मी यादी स्वच्छ केली होती. त्याला मेसेज येतच नव्हता, तेव्हा काढल्याचं त्याला कळणार तरी कसं?

पंपघरात गेलो. विचारलं. जगन वॉल्व्हवरचा हात न काढता म्हणाला, "दोन वर्सांपूर्वी ध्यानात आला, खालच्याला जात नाय. तवा पंचायतीत सांगून मीच खाली बसलो. मना काय करायचाय मेसेज?"

"मला का नाही सांगितलंस?"

"तुमी एवढ्या हौसेनं केलेला."

"आणि परवा बैठकीत? यादी पाहिलीस तेव्हा कळलं ना तुला?"

"कलला." चाक अर्धा फेरा फिरवलं. पाइपात पाणी वाजलं. "सगल्यांच्या समोर तुमचा नाव कशाला घेऊ, काका."

पोपटशेठ दुकानातून एक वाजता जेवायला घरी येतात. सरूचं घर त्याआधी लागतं. जगनची ओळ मीच पुसली हे आधी तिला सांगतो, मग त्यांना. पुतळीला म्हटलं, जेवायला थांबू नकोस.